रोझीनच्या गोलात बसून

आईनं व्हायोलिनच्या पेटीत सतरंजीचा एक तुकडा घडी करून ठेवला होता. "तिकडं सगळे खुर्चीवर बसणारे. तू कुठं बसशील?" मिरजेहून अमेरिकेत शिकायला आले त्याला आता दोन वर्षं होतील. त्या तुकड्याचा खरा उपयोग झाला तो गेल्या जूनमध्ये, केंटकीतल्या रोझीन नावाच्या गावी, एका जुन्या कोठाराशेजारच्या गवतावर. हे लिहायला बसले ते त्या एका संध्याकाळीसाठी. बाकीचे आठ दिवस पटकन उरकते.

मी हिंदुस्थानी पद्धतीनं व्हायोलिन शिकले आणि प्रबंधासाठी ब्लूग्रास वाजवणारी माणसं निवडली. ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फिडल (म्हणजे व्हायोलिनच, इथलं नाव), पाच तारांचा बँजो, मँडोलिन, गिटार आणि डबल बास, ढोल नाही, तबला नाही, लय सगळी तारांवरच. बिल मन्रो या मँडोलिनवादकानं आपल्या वाद्यवृंदाला 'ब्लू ग्रास बॉइज' असं नाव दिलं होतं, त्यावरून पुढे अख्ख्या संगीताला ते नाव चिकटलं. 1945च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा एकवीस वर्षांचा बँजोवाला नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात मन्रोबरोबर मंचावर आला आणि तीन बोटांनी बँजो असा वाजवला की आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो नाद तिथून धरतात.

रायमन पाहिलं. लाकडी बाकं, चर्चसारख्या रंगीत काचा, आणि बाहेर रस्त्यावर इतकी गर्दी आणि इतका गोंगाट की मला दुसऱ्या दिवशीच निघावंसं वाटलं. ओवेन्सबरोचं ब्लूग्रास संग्रहालय सुंदर आहे, ओहायो नदीच्या काठावर आहे, तिथे एक पूर्ण दिवस गेला. त्याआधी एका मोठ्या महोत्सवाला गेले होते, त्याचं नाव घेत नाही. तिथे 'सर्वांसाठी खुला जॅम', म्हणजे गोल करून एकत्र वाजवणं, म्हणून पैसे घेतले, हातात नंबराचा कागद दिला आणि पाऊण तास मागच्या रांगेत बसवून ठेवलं. राहुट्यांमध्ये वाजवणारे लोक छान होते, पण प्रत्येक गोलाची पाठ बाहेर. मी चार गोलांभोवती फिरले आणि व्हायोलिन पेटीतून न काढता परत आले. त्या रात्री मला वाटलं, विषय चुकला.

या भागात गाडी नसेल तर माणूस पांगळा. बस जवळजवळ नाही, रेल्वे नाही. माझी वर्गमैत्रीण मँडोलिन वाजवते, तिची गाडी होती म्हणून हे सगळं झालं. पेट्रोल मी भरायचं, गाडी तिनं चालवायची, असा करार.

नॅशव्हिलहून उत्तरेला बोलिंग ग्रीन, तिथून रोझीनच्या वाटेवर मॉर्गनटाउन लागतं. तिथे थांबायचा हट्ट माझा होता. आर्नल्ड शुल्ट्झ तिथे पुरलेले आहेत. हे कृष्णवर्णीय वादक, जन्म 1886, मृत्यू 1931. बोटीवर, कोळशाच्या कामावर राबायचे आणि फिडल आणि गिटार दोन्ही वाजवायचे. गावातल्या नाचांमध्ये पोरसवदा बिल मन्रो त्यांच्या फिडलमागे गिटार धरून बसायचा. मन्रोनं हे ऋण पुढे स्वतःच्या तोंडानं मान्य केलं. शुल्ट्झ यांचा अंगठा लावून गिटार वाजवायचा ढंग एका हातातून दुसऱ्या हातात जात शेवटी मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकापर्यंत आणि मग साऱ्या जगात गेला. पण स्वतः शुल्ट्झ यांच्या वादनाचं एकही ध्वनिमुद्रण नाही. एकही नाही. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत दोन रेकॉर्डर होते, चार मेमरी कार्डं होती. त्या थडग्यापाशी मी बराच वेळ काही न बोलता उभी राहिले. मैत्रीण गाडीशी थांबली होती. तिनं घाई केली नाही, हे मी विसरणार नाही.

रोझीन म्हणजे रस्त्याच्या कडेला विखुरलेली थोडी घरं, एक दुकान आणि ते कोठार. आणखी एक गंमत: ज्याला केंटकीचा 'ब्लूग्रास' मुलूख म्हणतात तो इथून पूर्वेला, लेक्सिंग्टनच्या आसपास. तिथे घोडे आणि हिरवी कुरणं. रोझीन कोळशाच्या पट्ट्यात येतं.

मन्रोचं बालपणीचं घर जेरूसलेम रिज नावाच्या टेकाडावर डागडुजी करून जपलंय. आठ भावंडांतला हा धाकटा. फिडल आणि गिटार थोरल्या भावांनी आधीच घेतलेली, म्हणून याच्या वाट्याला मँडोलिन आली. तीही आठ तारांपैकी चारच लावायच्या, म्हणजे फार आवाज होणार नाही, अशी भावांची अट. आई लहानपणीच गेली, सोळाव्या वर्षी वडीलही गेले, मग फिडल वाजवणाऱ्या पेन मामाकडे राहिला. मामा आणि भाचा दोघेही गावच्या दफनभूमीत आहेत. तिथे दहा मिनिटं थांबलो, ऊन फार होतं.

शुक्रवारी संध्याकाळी कोठारात गाणं असतं. तिकीट नाही. आत छोटा मंच, समोर खुर्च्या, बरेचसे श्रोते साठीच्या पुढचे. मला मिरजेचा दर्गा आठवला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत उरुसाला तिथे कलावंत बिदागी न घेता हजेरी लावतात, आणि ऐकणाऱ्याला कुणी विचारत नाही तू कोण. आतलं वादन चांगलं होतं. पण माझे कान बाहेर लागले होते, कारण झाडाखाली सातआठ जण गोल करून वाजवत होते.

मी परवानगीचे कागद काढले. विद्यापीठाच्या समितीनं मंजूर केलेली प्रश्नावली, बावीस प्रश्न. फिडल वाजवणाऱ्या आजोबांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली, सही केली, आणि रेकॉर्डर गवतावर ठेवायला सांगितला. मग माझ्या पेटीकडे बोट केलं. "आणि ते?"

मी सांगितलं, मी खाली बसून वाजवते, वेगळं असतं. डबल बासवाल्या काकू आपली जागा सोडून दोन पावलं मागे सरकल्या. बँजोवाल्यानं खुर्ची सरकवली. कुणी काही बोललं नाही, गोलाला फक्त एक फट पडली. मी आईची सतरंजी अंथरली आणि मांडी घालून, व्हायोलिनची मान उजव्या पावलावर टेकवून बसले.

तारा छेडल्या तसे आजोबा वाकून ऐकू लागले. माझ्या गुरुजींकडे व्हायोलिन सा-प-सा-प असं लावतात, आणि माझा षड्ज पांढरी पाच, म्हणजे हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी. फिडल सहसा असं लावत नाहीत, तिथे प्रत्येक तार आधीच्या तारेपासून पंचमावर चढत जाते. पण आजोबा म्हणाले, "अगं, हे तर क्रॉस ट्यूनिंग!" डोंगराकडचे जुने फिडलवाले काही धुनांसाठी तारा अशाच लावायचे, त्यांचे काका लावायचे. पुढचं गाणं पांढरी सहात होतं. बँजोवाल्यानं दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, लावला, त्याची ती आखूड पाचवी तारही एक सूर वर चढवली. ही तार सतारीच्या चिकारीसारखी, सतत एकच सूर देत राहणारी. आणि मी चारही खुंट्या एकेक सूर वर पिळल्या. सगळे मिळून एका पायरीवर चढलो.

गाणं सुरू झालं. इथला नियम असा: एक जण गातो, दोन कडव्यांच्या मध्ये एकेकाला एक आवर्तन मिळतं, त्याला ब्रेक म्हणतात. गाणारा तुमच्याकडे पाहतो, मान हलवतो, झालं. नको असेल तर तुम्ही मान नकारार्थी हलवायची, आवर्तन शेजारच्याकडे जातं. गाणं संपवायचं असेल तर कुणीतरी पाऊल उचलून दाखवतं.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान नकारार्थी हलवली. चाळीस धुना मी स्वरलिपीत उतरवल्या होत्या. पण मँडोलिनचा तो 'चॉप', दोन मात्रांच्या अधेमध्ये कुऱ्हाडीसारखा पडणारा ठोका, मला उचलून भलतीकडेच नेत होता. शिवाय आमचा षड्ज एकदा धरला की जागचा हलत नाही. इथे गिटार पंचमावर गेली की पायाखालची जमीनच सरकते, मग परत येते. कुठे उभं राहायचं?

दुसऱ्या गाण्यात पुन्हा नजर आली. मी पुन्हा नाही म्हटलं. आजोबांच्या चेहऱ्यावर काही नाही, आग्रह नाही, कीव नाही. तिसऱ्यांदा नजर आली तेव्हा मी गज टेकवला.

संथ गाणं होतं. मी फक्त गाण्याची चाल वाजवली, जशी त्या बासवाल्या काकू गात होत्या तशी, आणि वरच्या गंधारावरून खाली येताना एक लांब मींड घेतली. ब्लूग्रासमध्ये फिडल सूर घसरवतं, पण इतकं संथ नाही. सोळा मात्रा संपल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पुढचं कडवं सुरू झालं. माझे कान गरम झाले होते. त्या रात्री माझ्याकडे आणखी पाच वेळा नजर आली आणि मी पाचही वेळा वाजवलं.

खरी गोष्ट पुढे आहे. बीव्हर डॅमच्या मोटेलमध्ये रात्री एक वाजता मी हेडफोन लावून ते ध्वनिमुद्रण ऐकलं. माझं वादन ऐकायला लावलं होतं. ते बरं होतं, एवढंच म्हणते. पण माझ्या त्या पहिल्या सोळा मात्रांखाली काय चाललं होतं ते तिथे बसलेली असताना मला मुळीच कळलं नव्हतं. मी सुरू करताच बँजोच्या अखंड लडी थांबल्या. तो नुसता अधल्या मात्रेवर दबका ठोका देऊ लागला. मँडोलिन निम्म्यानं उतरली. आजोबांचं फिडल गप्प. आणि मी मींड घेतली, ती लांबली, माझी मात्रा चुकून पुढे गेली, तेव्हा गिटारवाल्यानं पंचमावर जायला अर्धी मात्रा उशीर केला. माझ्यासाठी! बासही त्याच्याबरोबर थांबली. पाच माणसांनी एकमेकांकडे न पाहता मला सांभाळून घेतलं होतं आणि मला कळूही दिलं नव्हतं.

मी तो तुकडा बहुतेक वीस वेळा ऐकला. रडू आलं, ते लिहायला मला संकोच वाटत नाही.

माझ्या बावीस प्रश्नांत काय होतं? तुम्ही कोणाकडून शिकलात, कोणता वादक आदर्श, ब्रेक कसा रचता. सगळं पुढे येऊन वाजवण्याबद्दल. आपल्याकडे साथ हा शब्द किती जुना, मी स्वतः सहा वर्षं गुरुजींच्या मागे बसले, एकदा तर त्यांच्या उसळत्या ताना सांभाळताना बोट फाटलं. तरी साथीबद्दल माझा एकही प्रश्न नव्हता. शुल्ट्झच्या मागे गिटार धरून बसणारा तो मुलगा काय शिकला असेल, हे त्या थडग्यापाशी उभी असताना मला सुचायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट मनात आहे, ती दडवत नाही. बँजो या वाद्याचे पूर्वज गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर या देशात आले. त्या संध्याकाळी गोलात एकही कृष्णवर्णीय माणूस नव्हता, कोठारातही मला दिसला नाही. माझ्यासाठी फट पडली. ती कोणाकोणासाठी पडली नाही, हेही माझ्या प्रबंधात यायला हवं. बँजोवाल्याला मी शुल्ट्झबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, हे नाव आमच्या घरात मी ऐकलं नव्हतं, मोठेपणी वाचून कळलं. तो खाली बघून बोलत होता.

शनिवारी सकाळी आजोबांनी गावच्या दुकानात बोलावलं होतं. प्रश्नावली घरी नेऊन भरून आणली होती, सुवाच्य अक्षरात. फक्त 'तुम्ही कोणाकडून शिकलात?' या नवव्या प्रश्नापुढे लिहिलं होतं: कोणाकडूनही नाही.

मी तो प्रश्न त्यांच्यासमोर खोडला आणि वर लिहिलं, 'तुम्ही कोणाकोणाच्या मागे वाजवलंत?' रेकॉर्डर चालू करू का, विचारलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एक तास दहा मिनिटं बोलले. पहिलं नाव बासवाल्या काकूंचं घेतलं. त्या तिथेच उभ्या होत्या, आमच्या कपांत कॉफी ओतत.