आज माझं वाचन नव्हतं

रविवार, रात्र

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. कारण इतकं क्षुल्लक आहे की ह्यांना सांगायचीही लाज वाटली. आज चर्चमधलं शास्त्रवाचन, म्हणजे सगळ्यांपुढे बायबलमधला उतारा वाचणं, माझ्याकडे नव्हतं. एवढंच.

काल रात्री वाचणाऱ्यांची यादी आली तेव्हा आधी वाटलं, नाव खाली असेल. बोटाने खाली गेले, वर आले, परत खाली गेले. नव्हतं. आणि मी तर बुधवारपासून तयारीला लागले होते, कारण या रविवारी स्तोत्र 131 आहे हे ठाऊक होतं, आणि ते मीच वाचणार हे मी धरूनच चालले होते. तीनच वचनं आहेत. पण छोट्या उताऱ्याला तयारी जास्त लागते. 119व्या स्तोत्राच्या 176 वचनांत एखादी चूक कुठल्या कुठे बुडून जाते, तीन वचनांत ती खांबासारखी उभी राहते.

तर आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलं. "हे परमेश्वरा, माझे हृदय गर्विष्ठ नाही." थांबायचं ते 'नाही'च्या आधी की नंतर? दोन्ही करून पाहिलं. आधी थांबलं की जास्त परिणाम होतो.

(हे लिहिताना आत्ता कानशिलं तापली.)

आणि वाचलं कुणी, तर त्या पोराने. माइक त्याच्या कपाळाला लागत होता, तो खाली करायचं कुणाला सुचलं नाही, बिचारा टाचा उंचावून वाचत होता. 'गर्विष्ठ'चं 'गरविष्ट' केलं. थांबला, मागे गेला, पुन्हा 'गरविष्ट'. मग ओळच हरवली, तेव्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यामुळे हृदय गर्विष्ठ नाही हे आम्ही सगळ्यांनी तीनदा ऐकलं. वचनं तीन आणि चुका पाच. मोजल्या मी.

भक्ती सुटल्यावर ताई डोळे पुसत म्हणते, "आज ते स्तोत्र पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं गं."

पहिल्यांदा! दोन वर्षांपूर्वी मी हेच वाचलं होतं आणि ती तेव्हा पुढच्याच बाकावर होती.

11 वर्षं वाचतेय. ताप असताना वाचलंय. बाबा गेले त्या आठवड्यातल्या रविवारी वाचलंय, आणि तेव्हा आवाज कसा राहिला ते माझं मला माहीत. पाळकसाहेबांनी निदान एक फोन करून सांगायला हवं होतं की पुढच्या पिढीलाही संधी द्यायचीय वगैरे. मी काय नाही म्हणाले असते? अर्थात त्यांच्या घरी सध्या जे चाललंय ते बघता... जाऊ दे.

दुपारी पडल्या पडल्या ही सगळी यादी मी देवाला वाचून दाखवली. उत्तम वाचली असणार. मग सहानुभूती मिळेल म्हणून बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक उघडलं, सगळं गमावलेल्या त्या माणसाचं. तिसऱ्या अध्यायापासून 37व्यापर्यंत तो आणि त्याचे मित्र बोलत राहतात, आणि 38व्यात वावटळीतून देव बोलतो. ईयोबाची दहाच्या दहा मुलं गेली आहेत, अंगभर फोड आहेत, आणि देव त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. विचारतो काय, तर पृथ्वीचा पाया मी घातला तेव्हा तू कुठे होतास? रानबकऱ्या केव्हा वितात हे तुला ठाऊक आहे का? मग रानगाढव, मग शहामृग, जी अंडी जमिनीवर टाकून विसरून जाते.

मी सांत्वन मागायला गेले आणि हातात रानबकऱ्या आल्या. मला हसूच आलं. ईयोबाचं दुःख तरी दुःख म्हणावं असं होतं. माझी तक्रार त्या वावटळीपुढे धरली तर यादीतलं एक नाव, तेही उडून जाणारं. पण खरं सांगते, त्या बकऱ्यांनी थोडं बरंही वाटलं. डोंगरात कुठेतरी, कुणाचंही लक्ष नसताना, एक बकरी वाकून विते आणि देवाला त्याचा महिना-दिवस माहीत असतो. मग बुधवारपासून माझं आरशासमोर काय चाललं होतं तेही माहीत असणारच. दिलासा म्हणावा तर यात थोडी भीतीही आहे.

शेवटी ईयोब स्वतःच्या तोंडावर हात ठेवतो. ते वाचून मी जरा रागावलेच. मी वाचक आहे, तोंडावर हात ठेवून मी करू काय?

संध्याकाळी भांडी विसळताना मीखल आठवली, दावीद राजाची बायको. ही बाई मला आजवर कधी आवडली नाही. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, नगरात येतोय, दावीद राजा असूनही भान विसरून त्याच्यापुढे नाचतोय, आणि ती खिडकीतून बघते आणि मनात त्याचा तिरस्कार करते. नंतर ऐकवतेही, आज राजाने काय शोभा केली म्हणून. त्याचे कपडे कसे होते, दासींनी काय काय पाहिलं, सगळं तिच्या लक्षात आहे. कोशाबद्दल एक शब्द नाही. इतकी वर्षं हे वाचलं, पण कोश तिला दिसलाच नाही हे आज हातात कढई असताना कळलं.

चुका पाच. मोजल्या मी. आणि स्तोत्र? ते मी ऐकलंच नाही.

यशयाच्या पुस्तकात सहाव्या अध्यायातले सराफीम, देवाच्या सिंहासनापाशी असणारे ते स्वर्गदूत, तेही आठवले. त्यांना सहा पंख. दोहोंनी तोंड झाकतात, दोहोंनी पाय झाकतात, दोहोंनी उडतात. म्हणजे झाकायला चार आणि उडायला दोनच. माझा हिशोब कायम उलटा राहिलाय.

आजच्या स्तोत्रात दावीद म्हणतो, माझा जीव आईजवळच्या दूध तुटलेल्या बालकासारखा शांत आहे. 'दूध तुटलेले बालक' हे शब्द मी नेहमी फार गोड आवाजात वाचते. आता वाटतं, त्यात गोड काय आहे? धाकटीचं दूध तोडलं त्या रात्री मला आठवतात. पहिल्या रात्री तिने माझा गळा ओरबाडला होता. तिसऱ्या रात्री ती नुसती बसून रडली, माझ्याकडे पाठ करून, जणू मी तिला फसवलं होतं. पाचव्या की सहाव्या रात्री आपण होऊन मांडीवर आली. सवयीने हात गळ्याशी गेला, तिथे थांबला, परत आला. मग माझ्या गाऊनचं एक बटण मुठीत धरलं आणि झोपली. तिला काही नको होतं. बटण सुटेल म्हणून मी सकाळपर्यंत कूस बदलली नाही.

दाविदाने जे लिहिलंय ते या पाचव्या-सहाव्या रात्रीचं. आधीच्या रात्रींचं तो लिहीत नाही, पण त्या झाल्याशिवाय ही येत नाही, हे त्याला कुणीतरी बाईनेच सांगितलं असणार.

11 वर्षं मी देवाच्या घरी काय प्यायला जात होते ते आता लिहायला नको.

एक मात्र लिहून ठेवते. आज मी पाचव्या रांगेत होते. नेहमी पहिल्या बाकावर, कडेला, लगेच उठता यावं म्हणून. पापांगीकाराच्या प्रार्थनेच्या वेळी माझं एक बोट कायम उताऱ्याच्या पानात असतं, पान शोधायला वेळ जायला नको. आज दोन्ही हात रिकामे होते. त्यांचं काय करावं कळेना, म्हणून जोडले. आणि पुढच्या चार रांगांतल्या सगळ्या पाठी एकदम वाकलेल्या दिसल्या. पाळकीणबाईंची पाठ हलत होती. पहिल्या बाकावरून पाठी दिसतच नाहीत.

शाळेत संस्कृतच्या बाईंनी 'उपासना' फोडून दाखवला होता. उप म्हणजे जवळ, आस् म्हणजे बसणे. नुसतं जवळ बसणे. तेव्हा परीक्षेला दोन गुण मिळाले होते, त्यानंतर हा शब्द मी हजारदा तरी म्हटला असेन.

अजून वाईट वाटतंच आहे, ते गेलेलं नाही. पुढच्या शनिवारी यादी आली की मी आधी माझंच नाव शोधणार आहे, यात मला काही शंका नाही.

मघाशी आठच्या सुमाराला त्या पोराचा मेसेज आला होता. "काकू, गर्विष्ठ कसं म्हणायचं?" म्हटलं, लिहून काय सांगायचं, आवाजच पाठवते. रेकॉर्ड केलं. ऐकलं, जरा नाटकी वाटलं. पुन्हा केलं, त्यात 'ठ' नीट उमटला नाही. तिसऱ्याला कुकरची शिट्टी आली. तेवढ्यात हे आतून ओरडले, "कुणाला गर्विष्ठ म्हणतेयस इतक्या वेळा?"

चौथं त्यातल्या त्यात साधं वाटलं, ते पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.