बाबांचा गुडघा आणि वापरलेली मोठी सेडान

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. चालणे सुधारले, परंतु गुडघा पूर्वीइतका वाकत नाही, आणि आमच्या लहान हॅचबॅकमध्ये पाय अवघडून पुण्याहून गुहागरला जाणे त्यांना असह्य होऊ लागले. उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट असा आमचा नेहमीचा रस्ता आहे. मागच्या गणपतीला या वाटेवर आम्हाला पाच वेळा थांबावे लागले, आणि परतल्यावर बाबांनी "पुढच्या वर्षी तुम्हीच जाऊन या" असे सांगितले. त्या एका वाक्यामुळे आमच्या घरात मोठ्या गाडीचा विचार सुरू झाला.

उंच एसयूव्ही घ्यावी असे बहुतेकांनी सुचवले. दोन-तीन गाड्या आम्ही पाहिल्याही. परंतु आईला साडी सावरत ती पायरी चढणे जमेना आणि बाबांना आत शिरताना गुडघा नेमका जिथे दुखतो तिथेच वाकवावा लागत होता. पाय लांब सोडून बसता येईल एवढी मागची जागा आणि घाटात अंग हेलकावू न देणारी बैठक म्हटली की मोठी सेडानच डोळ्यांसमोर येते. नवी घेण्याची आमची ऐपत नव्हती. सगळा खर्च धरून पंधरा लाख रुपये ही मर्यादा मी आणि पत्नीने ठरवली, आणि 'सगळा खर्च' या दोन शब्दांवर आम्ही शेवटपर्यंत ठाम राहिलो.

वापरलेल्या महागड्या गाडीचा हिशेब साध्या गाडीसारखा करता येत नाही. साठ लाखांची गाडी दहा वर्षांत दहा-बारा लाखांवर येते, परंतु तिचे सुटे भाग साठ लाखांच्या गाडीच्याच दराने मिळतात. तिच्या एलईडी हेडलाइटची किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते, आणि गाडी जुनी असल्यामुळे झिरो डेप विमा, म्हणजे सुट्या भागांच्या किमतीतून घसारा न कापता भरपाई देणारा विमा, मिळेलच असे नाही, कारण ठरावीक वयानंतर बहुतेक कंपन्या तो देत नाहीत. म्हणून आम्ही पंधरापैकी तीन लाख रुपये सुरुवातीलाच बाजूला काढले आणि गाडीसाठी आपल्याकडे बाराच लाख आहेत असे समजून बाजारात उतरलो. जुन्या गाडीच्या कर्जाला नव्या गाडीपेक्षा जास्त व्याज पडते, त्यामुळे मोठे कर्ज काढून हा आकडा फुगवायचा नाही हेही तेव्हाच ठरले.

मोह पहिल्याच आठवड्यात समोर आला. २००५ ते २०१३ या काळातल्या पिढीची एक मर्सिडीज एस-क्लास आमच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली मिळत होती. बाबा मागे बसले आणि त्यांचा पाय पूर्ण सरळ झाला. ते समाधान पाहून मी क्षणभर सगळा हिशेब विसरलो होतो. परंतु त्या गाडीला हवेवर चालणारे सस्पेन्शन असते. वयोमानाने त्यातल्या रबरी फुग्यांना तडे जातात, हवा झिरपू लागते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसरला सतत चालावे लागते आणि शेवटी तोही निकामी होतो. अशा एका दुरुस्तीत आमचे राखीव तीन लाख संपण्याची शक्यता होती. ती गाडी बांधणारे अभियंते थोर आहेत, परंतु मुलांची शाळेची फी भरणाऱ्या घराने ती म्हातारपणी सांभाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग चार गाड्या उरल्या: मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू ५ सीरिज, टोयोटा कॅमरी हायब्रिड आणि स्कोडा सुपर्ब. ई-क्लास आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या चाकणला जुळवली जाते, त्यामुळे तिच्याबद्दल मनात आधीपासून आपुलकी होती. २०१७ साली भारतात आलेल्या लांब ई-क्लासचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, ३०७९ मिलिमीटर आहे, आणि मागे बसणाऱ्याला त्याहून अधिक काही मागावे लागत नाही. परंतु ती पाच मीटरपेक्षा लांब आहे. सोसायटीतली आमची पार्किंगची जागा टेपने मोजली तेव्हा गाडीचे नाक येण्याजाण्याच्या वाटेत राहील हे दिसले. शिवाय बारा लाखांत ती बसतच नव्हती. त्याआधीच्या पिढीची बसत होती, परंतु तिची मागची बैठक खोल आहे, आणि बाबांना उठताना दोन्ही हातांनी दार धरावे लागले. ५ सीरिज चालवायला चारही गाड्यांत सर्वांत आनंददायी होती. मात्र आमच्या मर्यादेत बसणाऱ्या ५ सीरिजला रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, टायर असतात आणि स्टेपनी बहुधा नसते. पंक्चर झाल्यावर असा टायर कमी वेगाने साधारण ऐंशी किलोमीटर नेता येतो. पण त्याच मापाचा दुसरा टायर रात्री पाटण किंवा गुहागरात शोधायचा असेल, तर ऐंशी किलोमीटर पुरतीलच असे सांगता येत नाही. ५२०डी या जुन्या डिझेल ५ सीरिजमधल्या एन४७ नावाच्या इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे आतल्या भागांची वेळ जुळवणारी साखळी, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, आणि ती बदलायची म्हणजे फार मोठे काम निघते, हेही लक्षात घ्यावे लागले.

कॅमरी हायब्रिड ही डोक्याने निवडायची गाडी आहे, आणि ज्यांचा प्रवास मुख्यतः शहरातला आहे त्यांना मी तीच सुचवेन. अडीच लिटरचे साधे पेट्रोल इंजिन, क्लच नसलेली सुरळीत यंत्रणा आणि गर्दीत विजेवर चालल्यामुळे वाचणारे पेट्रोल, यामुळे तिच्यात बिघडण्यासारखे फार थोडे असते. हायब्रिड बॅटरीचे वय मात्र पाहिलेच पाहिजे, आणि जुन्या पिढीत ही बॅटरी डिकीची बरीच जागा घेते. गणपतीला जाताना पाच माणसांच्या बॅगा, मखराचे सामान आणि येताना आंबोशी, कोकम, तांदूळ असे सगळे त्या डिकीत मावणार नव्हते.

सुपर्बची डिकी ६२५ लिटरची आहे, आणि पाचवे दार काचेसकट वर उघडत असल्यामुळे बाबांची चाकाची खुर्ची दुमडून सहज आत ठेवता येते. व्हीलबेस २८४१ मिलिमीटर असला तरी मागची जागा इतकी चतुराईने काढली आहे की लांब ई-क्लासची फारशी आठवण होत नाही. ही गाडी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली गेली, हे कळल्यावर आईला विशेष आनंद झाला, कारण तिचे माहेर तिथले आहे.

सुपर्बमध्ये खरा प्रश्न गिअरबॉक्सचा आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण जाहिरातीत सगळीकडे नुसते 'ऑटोमॅटिक' लिहिलेले असते. २०१६ साली आलेल्या पिढीत १.८ लिटर पेट्रोल इंजिनाला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, होता, तर दोन लिटर डिझेलला सहा गिअरचा ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचचा. कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची ताकद झेलण्याची मर्यादा साधारण २५० न्यूटन मीटरची (हे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचे माप) आहे. म्हणूनच तेच पेट्रोल इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्ससह ३२० न्यूटन मीटर देत असे आणि डीएसजीसह २५० वर रोखलेले होते. गर्दीत मुंगीच्या पावलांनी गाडी सतत पुढे सरकवली की कोरडे क्लच तापतात, झिजतात, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर जाणवू लागते. क्लचचा संच किंवा मेकॅट्रॉनिक नावाचा नियंत्रक बदलण्याची वेळ आली की बिल लाखांत जाऊ शकते. ओल्या क्लचचा गिअरबॉक्स ३५० न्यूटन मीटर सहज झेलतो, मात्र दर ६०,००० किलोमीटरला त्याचे तेल आणि फिल्टर बदलावेच लागतात. म्हणून आमच्यापुढे दोनच पर्याय उरले: पेट्रोल घ्यायचे तर मॅन्युअल, आणि ऑटोमॅटिक हवे तर डिझेल. पत्नीही रोज गाडी चालवणार होती आणि लांबचा प्रवास पुष्कळ होता, त्यामुळे डिझेल ठरले.

यानंतर प्रत्यक्ष गाडी शोधण्यात तीन महिने गेले. एका विक्रेत्याकडे मीटरवर ५४,००० किलोमीटर दाखवणारी देखणी गाडी होती. परंतु ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झालेले होते आणि चालकाच्या आसनाची कड खचलेली होती. आमच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला. अशा गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरखेरीज इतर कंट्रोल युनिटमध्येही राहते, आणि गिअरबॉक्सच्या युनिटमधल्या एका जुन्या दोषनोंदीवर १,२१,००० हा आकडा होता. विक्रेत्याशी वाद न घालता आम्ही निघून आलो. दुसरी एक गाडी पाण्यात बुडून आलेली असावी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर आतल्या भागावर गाळाची फिकट रेघ दिसली, आणि आसनाच्या रुळांचे बोल्ट गंजलेले होते. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली, कोल्हापूर, चिपळूण भागांत पूर आले होते हे लक्षात ठेवून सीटबेल्ट प्रत्येक गाडीत ओढून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. महागड्या गाड्यांची काही कंट्रोल युनिट गालिच्याखाली असतात आणि पाणी शिरल्यावर ती कधी दगा देतील ते सांगता येत नाही.

दिल्लीहून आलेल्या गाड्या लाख-दोन लाखांनी स्वस्त दिसतात. राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिथला मालक गाडी लवकर विकतो. परंतु महाराष्ट्रात ती कायम वापरायची तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला रस्ता कर दोन्ही लागतात, आणि वीस लाखांवरच्या डिझेल गाडीच्या कराचा मूळ दरच मोठा असल्याने वयाची सूट धरूनही रक्कम जड होते. ती किमतीत धरल्यावर स्वस्ताई फारशी उरत नाही. कागदपत्रांत मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेकडून बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, थकलेली ई-चलने आणि विम्याचे हस्तांतरण एवढे पाहावे. विक्रेत्याचा नो-क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, आपल्याला मिळत नाही, म्हणून विम्याचा हप्ता जुन्या पॉलिसीवरून गृहीत धरू नये.

शेवटी नाशिकच्या एका निवृत्त गृहस्थांची २०१७ ची डिझेल सुपर्ब मिळाली. पहिलेच मालक, ९२,००० किलोमीटर, आणि जाडजूड फाइल, ज्यात प्रत्येक सर्व्हिसचे बिल तारखेनुसार लावलेले होते. गिअरबॉक्सचे तेल ५८,००० ला बदलल्याचे बिल मी दोनदा वाचले. आम्ही सकाळी सात वाजता पोहोचू असे कळवले होते आणि इंजिन त्याआधी सुरू करू नका अशी विनंती केली होती, कारण गरम इंजिन आपले आजार लपवते. बॉनेटला हात लावला तेव्हा ते गार होते. इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले, धूर आला नाही, आणि चढावर गाडी थांबवून पुन्हा सोडताना गिअरबॉक्सने झटका दिला नाही. गृहस्थांनी ओरखडे आणि मागच्या बंपरचे रंगकाम आम्ही विचारण्याआधी स्वतः दाखवले. सौदा ११ लाख ६० हजारांना ठरला.

राखीव रकमेतून पहिल्याच महिन्यात चार टायर, टायमिंग बेल्ट व पाण्याचा पंप, बॅटरी आणि पुढचे ब्रेक पॅड यांवर १ लाख २० हजार रुपये गेले. यातले काहीही अनपेक्षित नव्हते, कारण मेकॅनिकने सौद्याआधीच ही यादी लिहून दिली होती, आणि तिच्या आधारेच आम्ही किंमत खाली आणली होती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गुहागरला गेलो. बाबा डाव्या बाजूला मागे बसले, पुढचे आसन थोडे सरकवले आणि उजवा पाय लांब सोडला. पाटणला चहासाठी थांबायचे का, असे मी विचारले, तर ते म्हणाले, "तुला हवा असेल तर थांब, मला गरज नाही." घाट उतरून चिपळूण आले तेव्हा ते झोपलेले होते.