ऑनलाइन वर्गात विद्यार्थ्यांना बोलते करताना : माझा अनुभव

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली, तेव्हा मी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवत होते. झूमवरील मोफत तास ४० मिनिटांत तुटे, म्हणून पुढे गूगल मीट वापरू लागलो. पडद्यावर मात्र नावांच्या आद्याक्षरांचे रंगीत गोल तेवढे दिसत. ‘समजले का?’ असे विचारले की चॅटमध्ये एकापाठोपाठ ‘हो मॅडम’ उमटे, आणि त्यावरून कोणाला काय कळले याचा काहीही अंदाज येत नसे.

अडचण नुसती रेंजची नव्हती. पुष्कळ घरांत एकच स्मार्टफोन होता, तोही दिवसा वडिलांबरोबर शेतात जाई. शिवाय एका खोलीच्या घरात कॅमेरा सुरू करणे मुलींना अवघड वाटे. कॅमेऱ्याचा आग्रह मी धरला नाही. (तो सुरू असल्याखेरीज हजेरी न लावणाऱ्या शिक्षकांशी माझे आजही जमत नाही.) त्याऐवजी एकेक मुद्दा चार-पाच मिनिटांत बोलून, सोबत वहीच्या पानाचा फोटो जोडून, व्हॉट्सॲपच्या गटावर पाठवू लागले. व्हिडिओच्या मानाने याला डेटा फार थोडा लागतो आणि रात्री फोन हाती आल्यावरही ते ऐकता येते. थेट तास केवळ शंकांसाठी ठेवला.

तरीही मुले बोलती झाली ती प्रश्न बदलल्यावर. दसरा झाल्यानंतर काही विद्यार्थी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेले होते. श्रमबाजार शिकवताना मी विचारले, ‘मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) घेतलेली उचल हे कर्ज मानायचे की आगाऊ मजुरी?’ हजेरीपलीकडे कधी न बोललेल्या एका मुलाने उसाच्या फडावरून लांबलचक उत्तर पाठवले : हंगामात फिटली तर ती मजुरी, अंगावर राहिली, तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते, म्हणून कर्ज. त्याला विचारून ते उत्तर नावाशिवाय गटावर टाकले, तेव्हा इतरांचीही उत्तरे येऊ लागली. एका मुलीने मला स्वतंत्रपणे लिहिले की, नवरा-बायको मिळून एकच कोयता (ऊसतोडीतले मजुरीचे एकक) मोजला जातो, मग बाईची मजुरी हिशेबात कुठे दिसते? पुढचा थेट तास तिच्याच प्रश्नावर घेतला. गटावर सर्वांचे क्रमांक उघड दिसत असल्यामुळे मुली तेथे क्वचितच लिहीत. त्यांच्यासाठी मला थेट लिहिण्याची ही वाट मी आजही खुली ठेवली आहे.