फुलांचा बंदोबस्त

टेकोमाच्या पिवळ्या घंटेवर भर दुपारी एक काळा भुंगा आला. एवढं मोठं दार उघडं असून तो आत शिरला नाही. बाहेरून थेट फुलाच्या बुडाशी गेला, नळीला चीर पाडली, मकरंद ओढला आणि गेला. परागाचा कण अंगाला लागू दिला नाही. मागोमाग मुंग्या आल्या, आयत्या भोकावर!

राग यायला हवा होता, पण मी कोणत्या तोंडानं रागावणार? एक्झोराचं फूल खुडून मधली काडी हलकेच ओढायची आणि टोकावरचा थेंब जिभेवर घ्यायचा, हा आमचा लहानपणीचा उद्योग. परागीभवनाशी आमचंही काही देणंघेणं नव्हतं.

उलट फुलांची हत्यारं हीच आमची खेळणी. चित्रकाच्या फुलाखालच्या हिरव्या नळीवर चिकट केस असतात. वर चढणारं चिलट, मुंगी तिथंच अडकते. आम्ही तीच फुलं कानाच्या पाळीला चिकटवून डूल करायचो. पिचकारीच्या झाडाची कळी तर पाण्यानं भरलेली. टोक मोडून दाबली की चिळकांडी समोरच्याच्या डोळ्यात.

केर्नर नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७६ साली फुलांच्या अशा अनाहूत पाहुण्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांत मुंगी पहिली. ती चालत येते, त्यामुळे पराग लांबच्या झाडापर्यंत पोचत नाहीत. शिवाय बऱ्याच मुंग्यांच्या अंगावर जंतू मारणारा स्राव असतो, त्यात परागही निकामी होतात. काही झाडं म्हणूनच पानादेठांवर वेगळा मध ठेवतात. मुंग्या तो पितात आणि पानं कुरतडणाऱ्यांना हुसकावतात. चोरालाच चौकीदार नेमायचं! कटाल्पा नावाच्या झाडाची रीत याहून कडक. त्याच्या मकरंदातली द्रव्यं चोरट्या मुंग्यांना बाधतात, ओकायला लावतात. पराग वाहणाऱ्या हक्काच्या मोठ्या मधमाश्यांना मात्र काही होत नाही.

भुंग्यासाठी काही फुलांनी बुडाशी जाड कवच केलंय, काहींनी दाटीवाटीनं फुलून बूडच लपवलंय. टेकोमानं यातलं काही मनावर घेतलेलं दिसत नाही. त्यात काही चोर चोरता चोरता परागही हलवतात म्हणे. मग शिक्षा कुणाला करायची?

पिचकारीच्या कळीतलं पाणी कोवळ्या फुलाला किड्यांपासून राखतं, असं सांगतात. असेल. मला विचाराल तर ते पोरांसाठीच होतं.