या या म्हणजे हो हो

लाटव्हियाच्या राजधानीत, रीगात येऊन हा तिसरा हिवाळा, तरी अजून कुणी फोनवर "या, या" म्हणालं की माझ्यातली सांगलीकर चप्पल शोधायला लागते. लाटव्हियन भाषेत 'या' म्हणजे हो. कुणी बोलवत नसतं आपल्याला, नुसतं हो ला हो चाललेलं असतं. आणि ट्राममधून उतरताना पोरं "आता!" म्हणून हात हलवतात ते आपलं आत्ता नाही, टाटा आहे.

नवऱ्याच्या नोकरीपायी आलो तेव्हा सगळे म्हणाले इंग्लिशवर भागेल, आणि भागतं, हाच तर वैताग आहे. आठवडाभर पाठ केलेलं वाक्य घेऊन मी बेकरीत उभी राहते, दोन शब्द तोंडातून बाहेर पडतात न पडतात तोच काउंटरवरची मुलगी इंग्लिशमध्ये सुरू. तिचं काय चुकलं, मागे रांग असते. सेंट्रल मार्केटमध्ये वेगळीच गंमत, जुन्या झेपेलिनच्या, म्हणजे फुग्यासारख्या हवाई जहाजांच्या, हँगरचे सांगाडे वापरून 1930 साली उभं केलेलं ते अवाढव्य मार्केट, तिथे आंबवलेला कोबी विकणाऱ्या आजी माझ्याशी थेट रशियन बोलतात. सोव्हिएत काळात बाहेरून इथे भरपूर लोक येऊन राहिले, रीगातल्या कितीतरी घरांत आजही रशियनच चालतं. 2012 ला रशियनला दुसरी राज्यभाषा करायची का यावर सार्वमत झालं तेव्हा चारातल्या साधारण तिघांनी नाही म्हटलं. मुळात लाटव्हियन मायबोली असणारे जेमतेम पंधरा लाख, एकट्या पुण्यात त्याच्या दुप्पट माणसं राहतात. म्हणून परक्या बाईने तोडकंमोडकं जरी बोललं तरी कुणाकुणाचा चेहरा असा खुलतो की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

पाच वर्षांनी पर्मनंट रेसिडेन्सी हवी तर लाटव्हियनची ए-टू लेव्हलची, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरती, परीक्षा द्यावी लागते, म्हणून क्लास लावला. आमच्या बाई इंग्लिशमधून शिकवायच्या आणि दर वेळी आधी सॉरी म्हणायच्या. सॉरी, आमच्याकडे नामाला लिंग असतं, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. मी मनात म्हटलं बाई, आमच्याकडे तीन आहेत, तुम्ही बिनधास्त शिकवा. मग सॉरी, आमच्याकडे सात विभक्त्या आहेत. वर्गातला जर्मन मुलगा पण कपाळाला हात लावून बसला, आणि मला आठवलं आठवीतलं देवः देवौ देवाः. त्यात गंमत म्हणजे इथे देवाला म्हणतातच 'दिएव्स', शेवटचा स म्हणजे आपला तो विसर्ग, आणि पुरुषाच्या नावाला तो चिकटवल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही, शेक्सपियरचा शेक्स्पीर्स करून ठेवलाय, आमचा अमोल तर केव्हाच अमोल्स झाला. विस्तवाला 'उगुन्स', मधाला 'मेदुस', धुराला 'दूमी'. पण ह्या यादीवर फार हुरळून जाऊ नका, मी पहिले दोन महिने असे शब्द जमवत बसले आणि दुकानात एक वाक्य बोलता येत नव्हतं.

खरं टाळकं उघडलं ते दुकानातच. कॅशवरची बाई दर वेळी पुटपुटायची, "माइसिञु वायाग?" मी दर वेळी मान हलवायची, काय विचारते देव जाणे. माइसिञ्श म्हणजे पिशवी. वायाग म्हणजे पाहिजे. पिशवी पाहिजे? बस्स, एवढंच विचारत होती बिचारी, आणि शब्दांचा क्रमसुद्धा आपलाच. मी इतके दिवस ते मनातल्या मनात इंग्लिशमध्ये पालथं करून, 'तू' कुठाय, 'डू यू' कुठाय, म्हणून शोधत बसलेले!

त्या रात्री वही उघडली आणि इंग्लिशचा रकाना खोडून तिथे मराठी लिहायला घेतलं. 'मान' म्हणजे मला. मान इर ब्रालिस, मला भाऊ आहे. मान पातीक, मला आवडतं. मान लिएकास, मला वाटतं. मान साल्स्ट, मला थंडी वाजते (हे सगळ्यात आधी पाठ झालं, का ते सांगायला नको). क्रियापदाच्या आधी 'या' जोडलं की मान याइएत, मला जायला हवं. इंग्लिशमध्ये सगळीकडे मी मी मी, इथे आपल्यासारखं मला मला. आणि च! आपले दोन च आहेत ना, चमच्यातला आणि चहातला, तेच दोन इथे लिहितानासुद्धा वेगळे आहेत. वर्गातल्या दिल्लीच्या मुलीला चमच्यातला च काढताना घाम फुटला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चाराच्या तासाला हुशार ठरले.

ते टिकलं नाही म्हणा. आपला अ वेगळा, आ वेगळा, तोंडच वेगळं उघडतं. ह्यांचे दोन्ही आ-च, एक आखूड, एक लांब, बाकी काही फरक नाही. देवनागरीत कसं लिहू तेच कळत नाही, दोन्हीला काझास असंच लिहावं लागतं, आखूड काझास म्हणजे शेळ्या आणि लांब काझास म्हणजे लग्न. मागच्या वर्षी मी शेजारच्या काकूंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मावसबहिणीच्या लग्नाला भारतात चाललेय. त्यांनी शांतपणे विचारलं, "किती आहेत?" मी म्हटलं, एकच. त्यांचा चेहरा बघून मग लक्षात आलं की मी एका शेळीसाठी विमानाचं तिकीट काढलंय. तीच भानगड रीगाची, शेवटचा आ लांबवला की 'रीगात', नाही लांबवला की नुसतं रीगा. मी घाईत कायम 'मी रीगा राहते' म्हणते.

पण ह्या भाषेत माझी सगळ्यात लाडकी गोष्ट ए-टूच्या पुस्तकात नव्हतीच, काकूंनीच दिली. परवा त्या खाली दारातच भेटल्या, हातात पिशव्या, म्हणाल्या "लिफ्ट्स नेस्त्रादायुओत". नेस्त्रादा असतं तर 'चालत नाही' झालं असतं. हे शेवटी युओत काय? त्यांनी हाताने वर दाखवलं, तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी सांगितलं, मी नाही पाहिलं. अहो म्हणजे आपलं 'म्हणे'! लिफ्ट बंद आहे म्हणे. बातम्यांतसुद्धा असंच वापरतात, मंत्री असं असं म्हणाले, खरं-खोटं त्यांचं ते जाणोत, आणि त्यासाठी क्रियापदाचं अख्खं वेगळं रूप! मी इतकी खूश झाले की जिन्याने जायचं सोडून दारातच उभी राहिले, तेवढ्यात आमच्या वरचा मुलगा सायकल घेऊन आला, त्यालाही ऐटीत सांगितलं, लिफ्ट्स नेस्त्रादायुओत.

टिंग करून लिफ्ट उघडली आणि एक आजोबा कुत्रं घेऊन बाहेर आले. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी कुठे म्हटलं बंद आहे, बंद आहे म्हणे असं म्हटलं.