तुम्ही विचारलंत म्हणून: मातीची डुकरं कशासाठी?

चिनी राजांच्या थडग्यांवर बोलून झालं की कुणीतरी हमखास विचारतं, "थडग्यात पुरलेलं हे सगळं मेल्यावर वापरता येईल, असं त्या लोकांना खरंच वाटायचं का? की नुसता बडेजाव?"

खरंच वाटायचं, असं माझं मत आहे. आणि ते चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेल्या मातीच्या सैनिकांमुळे नाही, मातीच्या डुकरांमुळे झालं.

शिआनजवळ यांगलिंगला हान घराण्यातला सम्राट जिंग याची समाधी आहे. तो इसवी सनपूर्व १४१ मध्ये वारला. भोवतीच्या खड्ड्यांवर आता काचेची जमीन घातली आहे. खाली पाहिलं तर मातीची डुकरं, मेंढ्या, कुत्रे रांगेनं उभे. मुदपाकखाना तिथंही चालू राहायचा होता! माणसांचे पुतळे जेमतेम दोन फुटांचे, उघडे, बिनहातांचे. बघून पोटात कालवलं. मग कळलं, हात लाकडाचे होते, अंगावर रेशमी कपडे होते. दोन्ही कुजून गेलं. त्या कपड्यांखाली, जिथं कुणाची नजर जाणार नव्हती, तिथंही कारागिरानं बाई, पुरुष आणि खोजा हा फरक नीट घडवला आहे. नुसतं मिरवायचं असतं, तर झाकायच्या जागी एवढी मेहनत कुणी घेतली असती?

हान काळातली एक समजूत अशी, की माणसाला दोन आत्मे असतात: मेल्यावर 'हुन' वर जातो आणि 'पो' देहापाशी राहतो. म्हणजे देह टिकवायला हवा.

जिंगचा मुलगा लिउ शेंग याचं थडगं १९६८ साली मानचेंगच्या डोंगरात सापडलं. अंगावर जेड या मौल्यवान दगडाच्या २,४९८ तुकड्यांचा, सोन्याच्या तारेनं ओवलेला पोशाख. नवद्वारंसुद्धा जेडनं बंद केलेली. देह तरीही मातीला मिळाला. या लिउ शेंगला दारू फार प्रिय, असं इतिहासकार समा चिएन लिहून गेला आहे. थडग्यात दारूचे मोठाले रांजणही निघाले.

मला मात्र त्याची बायको दौ वान हिच्या थडग्यातला दिवा सोडवत नाही. सोन्याचा मुलामा दिलेली काशाची दासी गुडघे टेकून बसली आहे, हातात दिवा. तिची बाही म्हणजे धुराडं: धूर बाहीतून तिच्या पोकळ अंगात जातो, खोलीत काजळी धरत नाही. झडप सरकवून उजेड कमीजास्त करता येतो. त्यावर आधीच्या मालकांचे लेख कोरलेले आहेत. म्हणजे थडग्यासाठी मुद्दाम केलेली वस्तू नव्हे ही. कितीतरी रात्री राजवाड्यात जळलेला दिवा दौ वानसोबत दिला होता.