वेल धरते कशाने, ते आधी बघा

नव्या बागेत आयती मिळालेली वेल बहुधा फुलावर नसते. समोर असतो नुसता पानांचा गुंता. मोबाइलवर फोटो काढून नाव शोधायला हरकत नाही, पण त्याआधी ती आधाराला कशी धरते ते बघा. नाव उशिरा कळलं तरी चालतं. तार लावायची, जाळी लावायची की सुतळीने बांधायची, हे त्या पकडीवरच ठरतं.

कोवळा शेंडा हातात घ्या. खोडच आधाराला पीळ घालत वर जात असेल तर ती गोकर्ण, गुळवेल यांच्या पठडीतली. पानाच्या बगलेतून स्प्रिंगसारखे तणावे निघाले असतील तर कृष्णकमळ असण्याची शक्यता मोठी. तणावा पानाच्या बरोबर समोरून निघत असेल तर द्राक्षाच्या कुळातली. पेरापेराला मुळं फुटून ती भिंतीला चिकटली असतील तर मनी प्लांट किंवा वेली फायकस. यातलं काहीच दिसलं नाही, तर ती वेल चढत नाही, दुसऱ्यावर रेलते. बोगनवेल, वेली गुलाब, अलामांडा या सगळ्या अशा.

फुलं नसताना बोगनवेल आणि मधुमालती हमखास फसवतात, कारण काटे दोघींनाही असतात. बोगनवेलीची पानं एकाआड एक, काटा पानाच्या बगलेत आणि चांगलाच टोकदार. मधुमालतीची पानं समोरासमोर. तिचा काटा म्हणजे गळलेल्या पानाच्या देठाचा वाळून राहिलेला बुडखा. खोडावर जपून बोट फिरवलं तरी फरक कळतो. एका पेरावर तीन-चार पानांचं कडं असेल आणि पान तोडल्यावर पांढरा चीक आला, तर अलामांडा समजा. हा चीक त्वचेला त्रास देतो, हातमोजे घालूनच छाटा.

आता आधार. तणाव्यांना बारीक वस्तू लागते: दोन-तीन मिलिमीटरची तार किंवा जाळी. जाड बांबूला ते वेढा घालूच शकत नाहीत, आणि मग ‘वेल चढत नाही’ अशी तक्रार येते. पीळ घालणाऱ्या वेलींना उभा बांबू किंवा दोरी द्या. बहुतेक वेली वरून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट फिरतात. आपण घड्याळाच्या दिशेने गुंडाळल्या तर त्या सैल होऊन खाली येतात. रेलणाऱ्यांसाठी भिंतीपासून पाच-सात सेंटिमीटर पुढे, एकमेकींपासून ३०-४५ सेंटिमीटर अंतरावर आडव्या तारा ताणा. मागे हवा खेळली नाही तर तिथे भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आणि पिठ्या ढेकूण ही कीड मुक्काम ठोकतात. बांधायला सुती चिंधी किंवा सुतळी घ्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास, त्याची फुली खोड आणि तार यांच्या मध्ये. बारीक तारेने घट्ट बांधलेलं खोड जाड होताना कापलं जातं आणि वरचा सगळा भाग वाळतो.

फांद्या सरळ वर सोडू नका, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालचे डोळे (न फुटलेले कोंब) दाबून ठेवतं, म्हणून उभी वाढलेली वेल बुडाशी उघडी आणि फुलं छपरावर. फांदी कोवळी असतानाच आडवी किंवा तिरपी बांधली की पेरापेरातून फुटवे येतात, आणि फुलं त्या फुटव्यांवर धरतात. जुनी फांदी वाकवायच्या भानगडीत पडू नका, ती काडकन मोडते.

छाटणीची घाई नको. पहिल्या फुलोऱ्यापर्यंत फक्त मेलेलं लाकूड काढा. नखाने साल खरवडा, आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. बोगनवेल नव्या फुटव्यांच्या टोकाला फुलते, म्हणून बहर सरल्यावर छाटा. काही वेली मात्र गेल्या हंगामाच्या फांद्यांवर फुलतात. त्या अवेळी छाटल्या की पुढचा बहरच गेला. फार माजलेला गुंता एकदम उतरवण्यापेक्षा दरवर्षी जुन्या खोडांपैकी एक तृतीयांश बुडातून काढा. पानंच पानं आणि फूल नाही, असं असेल तर बहुधा नत्र जास्त झालंय किंवा ऊन कमी पडतंय. बोगनवेलीच्या बाबतीत पाणीही जरा आखडतं घ्या.

वेली गुलाबावर एखादा जोमदार धुमारा वेगळ्याच पानांचा दिसला तर तो कुठून निघतो ते माती उकरून बघा. कलमाच्या गाठीखालून निघत असेल तर तो खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्याचा. कात्रीने कापला तर पुन्हा फुटतो. मुळाशी धरून ओढून काढा.